उन्हाळ्यासाठी राखलेला दिवाळी अंक

दिवाळी अंक दिवाळीतच वाचून टाकणारी माणसं काकूंना उतावळी वाटायची. त्या अंक घ्यायच्या मात्र दिवाळीतच. धनत्रयोदशीच्या आधी शहागंजात जायच्या, ठरलेल्या दुकानात भयकथा आणि रहस्यकथांचा सगळ्यात जाड अंक निवडायच्या, मुखपृष्ठावर कवटी नाहीतर सुरा आहे ना याची खात्री करायच्या आणि घरी येऊन तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात लोकरीच्या शालींखाली ठेवून द्यायच्या. गुढीपाडवा झाला की शाली आत आणि अंक बाहेर.

"दिवाळीत कोण भितं?" त्या म्हणायच्या. "हवा गार, पोट भरलेलं, दारात पणत्या. तिथं भुताचं काय चालणार? भ्यायचं ते वैशाखात भ्यावं. अंगावर काटा आला की तेवढा वेळ तरी घाम येत नाही."

हे त्या गमतीनं म्हणत नव्हत्या. दुष्काळाचं ते सलग दुसरं की तिसरं वर्ष होतं. काकूंचा कूलर जिन्याखाली उपडा पडला होता, कारण कूलरला पाणी लागतं, आणि पाणी म्हणजे नळाला आठवड्यातून कधीतरी तासभर आणि बाकी टँकर. त्यामुळं कूलरच्या जागी भूत, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

मी सोयगावची. वाळूजच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि गारखेड्याच्या पुढं नव्यानं वसलेल्या भागात काकूंच्या घरची मागची खोली भाड्यानं मिळाली. काकू जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या, मुलगा पुण्यात. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवून जी चौकशी केली तिला त्या 'तहकीकात' म्हणत. त्यांचे वडील निजामाच्या काळात अदालतीत कारकून होते. त्यामुळं मुद्देमाल, मुजरिम, गवाह हे शब्द त्यांच्या घरात मीठ-मिरचीसारखे वापरले जायचे.

"रिक्षानं आलीस," माझ्या चपलांकडं बघत त्या म्हणाल्या. "बसस्टँडवरून चालत आली असतीस तर चपलांवर फुफाटा असता."

मी मावसभावाच्या स्कूटरवरून आले होते. तसं सांगितलं.

"तर्क बरोबर होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू चुकीच्या वाहनानं आलीस."

त्यांचे तर्क नेहमी असेच बरोबर असायचे. एकदा दूधवाल्याच्या मनगटाला पट्टी दिसली. भावाशी मारामारी झाली, हे काकूंनी लांबूनच ओळखलं आणि त्याला दारात थांबवून भाऊबंदकीवर चार गोष्टी सुनावल्या. वास्तविक त्याला म्हशीनं गोठ्याच्या भिंतीवर दाबलं होतं. तो गरीब माणूस सगळं ऐकून गेला. दोन-तीन दिवसांनी म्हणाला, "काकू, तुम्ही बोलला म्हणून भावाकडं जाऊन आलो. लई दिवसांनी चहा घेतला त्याच्या घरी." काकूंनी तोही तपास यशस्वी धरला.

वाचन व्हायचं संध्याकाळी, त्यांच्या ओट्यावर. त्या वेळेला वीज जायची, घरात थांबवत नसे, आणि टँकरचीही तीच वेळ. गल्लीतली माणसं बादल्या-कळशा रांगेत ठेवून ओट्यावर, पायऱ्यांवर येऊन बसायची आणि काकू उजेड असेपर्यंत एक गोष्ट मोठ्यानं वाचायच्या. उजेड गेला की अंक बंद. मग खुनी पडद्यामागं उभा असो नाहीतर हाडळ दारात असो. कंदील आणते म्हटलं तर म्हणायच्या, "भ्यायलाही शिस्त पाहिजे."

कोकणावर मात्र त्यांचा राग होता. अंक उघडला की दर दुसरी भुताची गोष्ट कोकणात घडलेली. नारळी-पोफळी, काठोकाठ भरलेला आड, धो धो पाऊस आणि पांढऱ्या लुगड्यातली बाई. "सगळं तिकडंच," त्या म्हणायच्या. "रेल्वे तिकडं, कारखाने तिकडं, भुतंही तिकडंच. आमच्या मराठवाड्याचा भुतांचाही अनुशेष." मी एकदा म्हटलं, काकू, आपल्याकडच्या विहिरीच कोरड्या, भूत राहील कुठं? त्यांना ते पटलं. तेव्हापासून त्या वाचताना गावं बदलायला लागल्या. कोकणातल्या घाटाचा कन्नडचा घाट झाला, धुक्याचा फुफाटा झाला, आणि शहरातला तो चिरूट ओढणारा गुप्तहेर लाल एसटीनं पिशोरला उतरून पानटपरीवर चौकशी करू लागला. बदलता न येणारी एकच गोष्ट होती, पाऊस. पावसाचं वर्णन आलं की काकू ते जसंच्या तसं वाचायच्या, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या. ऐकणाऱ्यांपैकी कुणी त्याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. त्या दिवसांत पेपरात रोज जायकवाडीच्या मृतसाठ्याची बातमी असायची. काकू पेपर घडी करून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे वाचल्यावर बाकीच्या भयकथा म्हणजे बालवाङ्मय."

गुन्हेगार सुटलेला त्यांना खपत नसे. एका गोष्टीत लेखकानं खुन्याला पकडलंच नाही. तो आयुष्यभर पश्चात्तापानं जळत राहिला असं लिहून लेखक मोकळा झाला. काकूंनी चष्मा काढला. "पश्चात्ताप ही काय सजा झाली? मला रोज होतो. कधी ह्या घराची बोअर आणखी खोल घेतली नाही म्हणून, कधी मुळात घेतली म्हणून."

बोअरचं दुःख खरं होतं. काकूंनी घर बांधलं तेव्हा आजूबाजूला ज्वारीची शेतं होती. आता डाव्या हाताच्या प्लॉटवर चार मजली अपार्टमेंट उभं राहत होतं. बिल्डरनं तिथं इतकी खोल बोअर मारली की पुढच्या महिन्यात आमची आटली. मग काकूंनी मागच्या अंगणातला जमिनीतला हौद झाकण बसवून दुरुस्त करून घेतला आणि आम्ही टँकरचं पाणी त्यात भरू लागलो. प्यायचं पाणी पिंपात वेगळं, हौदातलं धुण्याभांड्याला.

वैशाखात कधीतरी काकूंच्या लक्षात आलं की हौदातलं पाणी आपोआप कमी होतंय. संध्याकाळी काठीनं मापलं तर एक माप, सकाळी मापलं तर चार बोटं खाली. हौद गळत नव्हता. गवंडी बोलावून पाहिलं. म्हणजे कुणीतरी रात्री-पहाटे झाकण उचलून पाणी नेत होतं.

काकूंना वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, चेहऱ्यावर तेज आलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुन्हे वाचलेल्या बाईच्या घरी शेवटी एक स्वतःचा गुन्हा घडला होता.

गल्लीचं मत एका दिवसात ठरलं. चोर म्हणजे अपार्टमेंटचा चौकीदार. त्याचं नाव साहेबराव. पिशोरकडचा, गावाकडं काही पिकेना म्हणून बायकोला घेऊन आलेला. दोघं साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहायची. समोरच्या बंगल्यात एक बँकेतले अधिकारी होते. त्यांना सगळे बँकवाले म्हणत. त्यांनी साहेबरावाला ओट्यासमोर उभं केलं.

"खरं सांग. हौदातलं पाणी तू नेतोस का नाही?"

"साहेब, मी कशाला नेऊ?" साहेबराव म्हणाला. "आमच्या साइटवर बोर हाय, टँकर बी येतोय. पाण्यातच बसलेलो हाव आम्ही. लई मोठा आळ घेताय."

"मग दुसरं कोण? इथं सगळी घरं आपली आहेत. बाहेरचा तूच."

"बाहेरचा हाय म्हणून चोर व्हय?"

बँकवाल्यांनी ते ऐकलं नाही. बिल्डर त्यांच्या ओळखीचा होता. परवा सकाळी फोन लावतो आणि ह्याला काढायला सांगतो, असं सगळ्यांसमोर म्हणाले. साहेबरावाची बायको गया बांधकामाच्या विटांवर बसून हे ऐकत होती. नोकरी गेली की पत्र्याची खोलीही जाणार होती. ती नुसती नवऱ्याकडं बघत राहिली.

काकूंनी हात वर केला. "पुराव्याशिवाय फैसला नाही. मला उद्याचा दिवस द्या."

त्यांचा संशय खुद्द बँकवाल्यांवर होता. सगळी गल्ली पाण्यासाठी रडत असताना ह्यांची गाडी रोज पुसलेली कशी, हा त्यांचा मुद्दा. आणि युक्ती अंकातच सापडली होती. एका गोष्टीत सराफ तिजोरीतल्या नोटांना न दिसणारा रंग लावतो आणि चोराचे हात पकडले जातात. काकूंनी मला किराणा दुकानातून निळीच्या मोठ्या बाटल्या आणायला लावल्या. घरातलं लागणारं पाणी आधी उपसून ठेवलं आणि अंधार पडताना सगळी नीळ हौदात ओतली, काठीनं ढवळली.

"पाणी वाया गेलं का? नाही," त्या म्हणाल्या. "भांडी घासायला चालेल, संडासात चालेल. पण पांढरं कापड ह्यात एकदा बुडलं की ते सगळ्या गल्लीला सांगणार. उद्या बँकवाल्यांचे शर्ट बघ तू."

उन्हाळ्यात मी गच्चीवर झोपायची. सकाळी डोळे उघडले तेव्हा नुकतं फटफटलं होतं आणि काकू कठड्यापाशी उभ्या होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे. गच्चीवर त्या महिनोन्‌महिने आल्या नव्हत्या. बँकवाल्यांचा बंगला समोरच्या बाजूला. काकू मागं बघत होत्या.

मागं सरांचं घर होतं. मध्ये कमरेएवढी भिंत. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, गल्लीतले सगळ्यात अबोल आणि सगळ्यात सरळ गृहस्थ. सुटे पैसे जास्त आले तर दुकानापर्यंत परत जाणारे. त्यांच्या पत्नीला वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला होता. त्या अंथरुणावरच असत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अंथरुणावरच्या माणसाला पाणी किती लागतं, हा विचार मात्र आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

सर परसातल्या दोरीवर चादरी वाळत घालत होते. एक चादर, दुसरी चादर, जुन्या धोतराचे तुकडे, पुन्हा चादर. सगळ्यांवर निळे डाग, ढग उतरल्यासारखे. अंधारात धुतल्या असणार. आता उजेडात त्यांना तो रंग दिसत होता. एक चादर त्यांनी दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरली, तशीच बराच वेळ धरून उभे राहिले, आणि मग इकडंतिकडं न बघता खाली बसले.

काकू कठड्यापासून मागं सरकल्या. मला म्हणाल्या, "तुला काय दिसतंय?"

"चादरी," मी म्हटलं.

"कसल्या?"

"निळ्या."

"नाही. पांढऱ्याच आहेत. उन्हात निळसर दिसतात."

"काकू, ऊन कुठंय अजून?"

"येईल," त्या म्हणाल्या आणि जिन्याचा कठडा धरत खाली गेल्या.

मी मागोमाग उतरले. त्यांनी कपाटातल्या आपल्या दोन पांढऱ्याशुभ्र चादरी काढल्या होत्या. लग्नकार्यात पाहुण्यांना घालायच्या, कडेला विणकाम केलेल्या. त्या त्यांनी हौदात बुडवल्या, पिळल्या, आणि पुढच्या अंगणात रस्त्यावरून दिसेल अशा वाळत टाकल्या. मग परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी त्याच पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या. माती निळी झाली. 

दिवस उजाडल्यावर त्यांनी स्वतःच गल्ली गोळा केली. बँकवाले दाढीचा फेस तसाच घेऊन आले. साहेबराव आणि गया लांब उभे राहिले. भिंतीपलीकडची दोरी एव्हाना रिकामी होती; सर तिथं होते की नाही, मला दिसलं नाही.

"मुजरिम सापडला," काकू म्हणाल्या. "मीच."

कुणाला काही कळेना. मग हौदात काल नीळ ओतल्याचं सांगून त्यांनी सगळ्यांना कढीपत्त्याची निळी माती दाखवली. "पहाटे झोपमोड होते. उठून ह्याला पाणी घालते आणि परत झोपते. सकाळी काही आठवत नाही. चादरीही त्यातच भिजवल्या होत्या, त्याचीही आठवण नाही. वय झालं. साहेबरावाची माफी मागा."

बँकवाले आधी बघत राहिले आणि मग खो खो हसले. "काकू, इतक्या रहस्यकथा वाचल्या आणि चोर घरातच?" मग सगळेच हसले. त्या उन्हाळ्यात हा विनोद गल्लीत कितीदा झाला त्याला गणती नाही. टँकरवाल्यापर्यंत गेला. काकूंनी चप्पल शोधायला घेतली की कुणीतरी म्हणायचं, नीळ आणू का? त्या ऐकून घ्यायच्या. ज्या बाईचा आयुष्यात एकदाच तपास अचूक निघाला, तिनं तो स्वतःच बुडवला होता. आणि मला, जिला सगळं माहीत होतं, हसणाऱ्यांमध्ये बसून हसावं लागत होतं.

बँकवाल्यांनी माफी अर्धीमुर्धी मागितली, पण बिल्डरला फोन गेला नाही. साहेबरावाला तेवढं पुरलं.

प्रश्न सरांच्या पाण्याचा उरला होता. पाणी द्यायला गेलं तर सर घेणार नाहीत, आणि का देता म्हणून विचारलं तर सांगणार काय?  तिसऱ्या दिवशी काकूंनी जाहीर केलं की आपल्या ओट्यावर पश्चिमेची झळ लागते, आजपासून वाचन सरांच्या ओट्यावर. आणि फुकट नाही. ऐकायला येणाऱ्यानं एकेक कळशी पाणी आणायचं.

"कशाला?" बँकवाल्यांनी विचारलं.

"सडा टाकायला. बुडाखाली गारवा पाहिजे. तापलेल्या फरशीवर भूत लागत नाही."

लोकांनी हा काकूंचा आणखी एक विक्षिप्तपणा समजून कळशा आणल्या. काकू त्या सरांच्या बाथरूमबाहेरच्या पिंपात ओतायला लावायच्या. सडा त्यांनी एकदाच टाकला, तोही ओंजळभर पाण्याचा. पिंप भरत गेलं आणि ओटा कोरडा राहिला, पण गोष्टीच्या नादात कुणी फरशीकडं बघितलं नाही. साहेबराव रोज साइटच्या बोअरचे दोन हंडे आणायचा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं काय ओळखलं ते त्यालाच ठाऊक.

एकदा कळशा ओतून झाल्यावर सर काकूंजवळ आले. मी शेजारीच होते.

"बाई, मला तुमच्याशी त्या कढीपत्त्याबद्दल बोलायचंय."

"कढीपत्ता माझा आहे, सर," काकू अंकातलं पान शोधत म्हणाल्या. "त्याची काळजी मी करीन. तुम्ही वहिनींची खिडकी उघडा. आत आवाज जायला पाहिजे."

 सरांनी आत जाऊन खिडकी उघडली.

वहिनींची वाचा अर्धांगवायूनं ओढल्यासारखी झाली होती. बोलायला कष्ट पडत, म्हणून त्या बोलणंच सोडून दिल्यासारख्या झाल्या होत्या. खिडकीतून फक्त त्यांच्या खाटेचा कोपरा दिसायचा. त्या ऐकतात की झोपतात, काही कळायचं नाही. काकू मात्र खिडकीकडं तोंड करून वाचायच्या.

एका संध्याकाळी गोष्ट खुनाची होती. गढीतल्या एका श्रीमंत बाईचा खून झालेला. संशय धाकट्या दिरावर, गड्यावर आणि एका फकिरावर. गुप्तहेर सगळ्यांच्या उलटतपासण्या घेऊन थकला होता. उजेड उतरायला लागला, काकूंनी पान उलटलं आणि ओट्यावरच्या आम्हा सगळ्यांकडं बघून विचारलं, "बोला, कोण असेल?"

बँकवाले म्हणाले, दीर. गया म्हणाली, फकीर; असल्या लोकांचा भरवसा नाय. मी गड्याचं नाव घेतलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. घोगरा, तुटक, शब्द एकेक ओढून आणल्यासारखा.

"नवऱ्यानं."

सगळे खिडकीकडं वळले. सर उंबऱ्यात बसले होते; ते तसेच थिजले. काकूंनी घाईनं शेवटचं पान काढून पाहिलं आणि अंक मांडीवर मिटला.

"बरोबर आहे, वहिनी," त्या म्हणाल्या. "पण कशावरून ओळखलंत?"

 आतून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग वहिनी बोलायला लागल्या, मध्येमध्ये थांबत.

"त्यानं... शर्ट... स्वतः धुतला. मघा... वाचलं तुम्ही." पुन्हा श्वास. "पुरुष माणूस... आपणहून... कपडे धुतो का? काहीतरी... केलेलंच असणार."

बायका आधी हसल्या, मग बँकवाले, मग साहेबराव तोंडावर उपरणं धरून. काकूंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या, पुसून झाला तरी. सर मान खाली घालून बसले होते. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं, रडतायत. मी उठणारच होते. मग त्यांनी चेहरा वर केला, आणि ते इतके हसत होते की त्यांना भिंत धरून उभं राहावं लागलं. तसेच हसत, डोळे पुसत, ते आत वहिनींकडं गेले.